जावयाच्या हातचं वाण

भोईवाड्यातल्या त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर जावई आला की त्याच्यासाठी एक खुर्ची निघायची. निळी, प्लास्टिकची, आणि तिच्यावर धुतलेला टॉवेल. विहंग गेली अडीच वर्षं या खुर्चीवर बसत होता. बसलं की पाणी यायचं, मग चहा, मग बशीतून काहीतरी गोड, मग पुन्हा पाणी. रिकामा कप मोरीत ठेवायला तो एकदाच उठला होता. तेव्हा सासूबाईंनी असा काही आवाज काढला, की शेजारच्या दोन खोल्यांतली माणसं गॅलरीत आली. त्यानंतर तो उठत नसे. गणपतीला निदान विसर्जन असतं, असं त्याला अधूनमधून वाटायचं.

सासूबाई म्हणजे सुभद्राबाई. मूळच्या मालवणकडच्या, वय सहासष्ट, आवाज पंचवीसचा. सासरे दौलतराव गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यापासून, स्वतःच्या शब्दांत सांगायचं तर, देखरेखीवर होते. थोरली मुलगी दर्शना डोंबिवलीला दिलेली. धाकटी प्राची फिजिओथेरपिस्ट; ती विहंगची बायको.

विहंग गिरगावातला. चार पिढ्या मुंबईतच मुरलेलं घर. आई राजलक्ष्मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे घरात काय करायचं हे मागणीवर ठरायचं आणि पुरवठा स्वयंपाकाच्या बाई करायच्या. विहंग स्वतः जुन्या इमारतींच्या भेगा मोजायचा. इमारत किती वर्षं उभी राहील हे सांगण्याचे त्याला पैसे मिळत आणि ते नक्की न सांगण्यामुळे ते मिळत राहत.

यंदा अधिक महिना आला. दर तीन वर्षांनी हा येतो आणि जावयांचे दिवस फिरतात. जावयाला घरी बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तेहतीसच का, यावर तिसऱ्या मजल्यावर तीन मतं होती, पण बत्तीस चालत नाहीत यावर एकमत होतं. खरं तर सुभद्राबाईंच्या गावी या वाणाचं एवढं काही नव्हतं. चाळीत सातारकडच्या बायकांनी ते आणलं आणि सुभद्राबाईंनी ते त्यांच्यापेक्षा कडक पाळायला सुरुवात केली. लग्नानंतरचा हा विहंगचा पहिला अधिक. सात जूनचा रविवार ठरला. चोवीस मेला सकाळी सुभद्राबाई गॅलरीतल्या नळाशी पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं.

संध्याकाळी विहंग बघायला आला. खुर्ची निघाली. सुभद्राबाई गळ्यात झोळी अडकवून, प्लॅस्टरमधला हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"फार दुखतंय का, आई?" त्याने विचारलं.

"हाताचं काय घेऊन बसलात, जावयबापू? तांदूळ भिजलेत."

तांदूळ शुक्रवारी भिजत घातले होते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस पाण्यात ठेवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी उपसायचे. मग सावलीत कापडावर सुकवायचे, किंचित ओल असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ घालून मळायचे आणि तो गोळा डब्यात दाबून निदान आठवडाभर मुरवत ठेवायचा. सोमवार हा उपसायचा दिवस होता. सुभद्राबाईंचं हाड सहा आठवड्यांनी जुळणार होतं.

"माझ्याकडे बघू नका," प्राची म्हणाली. "मला ह्यातलं काही येत नाही आणि उद्या माझे अकरा पेशंट आहेत."

"मग विकत आणूया," विहंग म्हणाला. "दादरला छान मिळतात."

दौलतरावांनी पंख्याकडे बघितलं. प्राचीने विहंगला दाराबाहेर नेऊन परिस्थिती समजावली.

गेल्या अधिकात समोरच्या खोलीतल्या कमळाबाईंनी आपल्या जावयासाठी दादरच्या दुकानातून अनारशांचा खोका आणला होता. तेव्हा सुभद्राबाई भर गॅलरीत, दहाबारा बायकांसमोर म्हणाल्या होत्या, "खोक्यातलं वाण? मग जावय पण खोक्यातनंच मागवायचा होतास." या वाक्यावर तिसरा मजला तीन वर्षं हसत होता. कमळाबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या.

"आता आईने खोका आणला," प्राची म्हणाली, "तर तिला ही चाळ सोडावी लागेल. आणि ही चाळ ती रीडेव्हलपमेंटलासुद्धा सोडत नाहीये."

विहंग परत आत आला. खुर्चीकडे बघितलं, बसला नाही.

"मी करतो," तो म्हणाला.

"काय?"

"अनारसे. तुम्ही सांगा, मी करतो. लॉकडाऊनमध्ये मी ब्रेड करत होतो घरी. आंबवणं, मुरवणं, मला अंदाज आहे."

त्या ब्रेडबद्दल गिरगावात वेगळं मत होतं. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी तो दाराला अडसर म्हणून वापरला होता. पण ते इथवर पोचलेलं नव्हतं.

सुभद्राबाईंचा चेहरा कप प्रकरणातल्यासारखा झाला. "जावयाने आपलं वाण आपणच तळायचं? मग मुंजीत पोराने आपल्याच झोळीत आपणच भिक्षा घालावी!"

"अवो, काय झालं?" दारात कमळाबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, ते विचारण्यात अर्थ नव्हता. वाणाच्या बाबतीत मजल्यावर शेवटचा शब्द त्यांचा असे, कारण प्रथा त्यांच्याकडची होती. सुभद्राबाईंनी दुसरीकडे बघितलं. विहंगने सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, "मावशी, चालेल का?"

कमळाबाईंनी चौकटीला टेकून बराच विचार केला.

"हात कुणाचं का असंना," त्या म्हणाल्या. "नजर सासूची पायजे. शेवटपत्तुर. आन् वाण हातात पडंस्तवर जावयानं चाखायचं न्हाय. कुणीच चाखायचं न्हाय."

"आणि चुकलं तर?" दौलतरावांनी विचारलं.

"चुकलं तर दादर हाय की," कमळाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी विहंगने ऑफिसात रजा टाकली. कारण लिहायच्या जागी 'घरगुती' लिहिलं. सकाळी नऊला तो भोईवाड्यात हजर होता. खुर्ची निघाली, तिच्यावर त्याने तांदूळ उपसायची चाळण ठेवली. सुभद्राबाईंच्या तोंडून एक अर्धा उद्गार निघाला आणि परत गेला.

तांदूळ उपसले, धुतले, जुन्या धोतरावर पसरले. सुभद्राबाई पाटावर बसून सूचना देत होत्या, त्याही इतक्या आदराने की काम अवघड होत होतं. "जरा पातळ पसरता का, जावयबापू. कोपऱ्यातले गोळा झालेत बघा. तसदी देते हो." आणि दारात, स्वतःचं स्टूल आणून, कमळाबाई बसल्या होत्या. हातात निवडायला मेथीची जुडी. त्या जुडीतली काडी न् काडी निवडून झाली तरी त्या उठल्या नाहीत.

"बघायला बसलीय," सुभद्राबाई पुटपुटल्या. "कधी बिघडतंय ते."

मंगळवारी दळण. विहंगने घरून मिक्सर आणला होता आणि बरोबर डिजिटल वजनकाटाही. पीठ दळून चाळून झालं, तेव्हा अकरा वाजत आले होते. बाराला सुभद्राबाईंना एक्स-रेला जायचं होतं.

"गूळ मी आल्यावर घालू," त्या निघताना म्हणाल्या. "बघून घालायचा असतो तो. तोपर्यंत आराम करा."

त्या प्राचीबरोबर गेल्या. विहंगने पाच मिनिटं आराम केला. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. बघून घालायचा म्हणजे काय? कुठल्याही कृतीत पिठाएवढा गूळ लिहिलेला असतो. वजन म्हणजे वजन. त्याने पीठ काट्यावर ठेवलं: सातशे ग्रॅम. गूळ किसला, काट्यावर ठेवला: सातशे ग्रॅम. चमचाभर तूप घालून मळला, डब्यात दाबला, झाकण लावलं.

दारातून कमळाबाई बघत होत्या. "किती घातला वो?"

"सातशे ग्रॅम, मावशी."

"म्हंजी किती वाट्या?"

विहंग हसला. ज्या हसण्याने तो सोसायट्यांच्या सेक्रेटरींना गप्प करत असे, ते हसणं. "वाटी हे माप नाही, मावशी. प्रत्येकाची वाटी वेगळी असते."

कमळाबाई स्टूल उचलून आपल्या खोलीत गेल्या.

सुभद्राबाई परत आल्या. डबा बंद बघून थबकल्या. विहंग म्हणाला, "झालं, आई. अगदी बरोबर मापाने." सुभद्राबाई तुपाच्या बरणीकडे बघत राहिल्या. एखाद्या मुलाला त्यांनी काय सुनावलं असतं ते सांगता येतं, जावयाला मात्र त्या म्हणाल्या, "बरं झालं हो. दमला असाल."

बारा दिवस डबा कपाटावर मुरत होता आणि दौलतराव त्याच्याखाली खाट टाकून देखरेख करत होते. विहंग दिवसातून दोनदा फोन करायचा. "सगळा ठीक आसा," दौलतराव सांगायचे. "अजून तरी डबो पळूक नाय."

सात जूनला सकाळी आठला विहंग आला. घामाने बनियन अंगाला चिकटत होतं आणि गॅसच्या ज्योतीपायी पंखा बंद होता. बाराला गिरगावहून त्याचे आईवडील येणार होते. डोंबिवलीहून दर्शना आणि तिचा नवरा दीपक सकाळीच येऊन पोचले होते. दीपक थोरला जावई, मोठ्या कंपनीत सेल्समध्ये. निळ्या खुर्चीवर तो बसला. बाकी गॅलरीतल्या बायका काही ना काही निमित्ताने दाराशी जमल्या होत्या: कुणाला कोथिंबीर हवी होती, कुणाची मांजर हरवली होती. कमळाबाई आपल्या स्टुलावर.

"माझ्या वेळी छत्तीस झाले होते," दीपकने सांगितलं. "तीन वरती."

विहंगने डबा उघडला. गोळा मऊ होता. जरा जास्तच मऊ. सुभद्राबाईंनी डाव्या हाताच्या बोटाने दाबून बघितला आणि बोट पदराला पुसलं. विहंगने केळीच्या पानावर खसखस पेरली, लिंबाएवढी गोळी त्यावर बोटांनी थापली, पानावरून सोडवून खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडली.

अनारसा दोन सेकंद गोल राहिला. मग त्याच्या कडा सुटल्या, मग मधला भाग, आणि खसखस तुपावर एकटीच तरंगायला लागली. झाऱ्यावर आलं ते चॉकलेटी रंगाचं काहीतरी, भुशासारखं.

"हसला," गॅलरीतून कुणीतरी म्हणालं. तुपात पसरून विरलेल्या अनारशाला असंच म्हणतात.

"तूप जास्त तापलं असेल," विहंग म्हणाला. गॅस बारीक केला. दुसराही गेला. तिसरा जरा जाड थापला. तो जरा सावकाश गेला. विहंग कढईत वाकून बघत राहिला. कित्येक इमारती त्याने पडण्याच्या बेतात असताना बघितल्या होत्या, पण इतक्या शिस्तीत कोसळणारं त्याने काही बघितलं नव्हतं.

"पीठ कधी मोजलंत?" सुभद्राबाईंनी हळूच विचारलं.

"दळल्यावर लगेच."

"ओलं होतं ना ते?"

विहंगचा हात झाऱ्यावर थांबला. सातशे ग्रॅममध्ये दीडदोनशे ग्रॅम निव्वळ पाणी होतं.

"म्हणजे पाण्यालाही गूळ घातलात तुम्ही," सुभद्राबाई म्हणाल्या. रागाने नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही थांबायला सांगितलं होतं," विहंग म्हणाला. "मी थांबलो नाही. चूक माझी आहे, आई, आणि सगळ्यांसमोर सांगतो. ह्याला उपाय काय?"

"भिजवलेल्या तांदळाचं कोरडं पीठ घालायचं वरनं. मी दर वेळी दोन वाट्या बाजूला काढून ठेवते. तुम्ही..."

"मी सगळं मळलं."

"बाजारातलं तांदळाचं पीठ घातलं तर?" प्राचीने विचारलं.

"मग भाकऱ्या थापा."

घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. तांदूळ भिजायला तीन दिवस लागतात. मांजर हरवलेली बाईसुद्धा घड्याळाकडे बघत होती. सुभद्राबाईंनी झोळी सारखी केली, पदर खांद्यावर ओढला आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "प्राची, दादरला जा. घेऊन ये खोका. चांगल्यातला बघ."

विहंगला बाकी सगळं सहन झालं असतं. त्याने गॅस बंद केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात कमळाबाई स्टुलावरून उठल्या आणि आपल्या खोलीकडे चालू लागल्या.

"चालली," सुभद्राबाई म्हणाल्या. "सगळ्या चाळीत वाजवील आता."

कमळाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता. त्यांनी तो विहंगच्या पुढ्यात आदळला. आत पीठ होतं. पांढरं, कोरडं, आंबूस वासाचं.

"तीन दिस भिजवल्याल्या तांदळाचं हाय," त्या म्हणाल्या.

सुभद्राबाईंनी डब्याकडे बघितलं, मग कमळाबाईंकडे. "तुझ्याकडे कुठून आलं?"

"कुठनं म्हंजी? केलं! तू दाखवशील म्हनून दारात बसलेय मी, चौदा दिस झालं. ह्यो हिकडं सुकवायला लागला की मी तिकडं उपसायची वाट बघतीया. ह्यो दळतोय की मी तीन दिसांनी दळतीया. मला कुठं येत्यात अनारसं? येत असतं तर खोका आनला असता व्हय गं मी?"

"पण तुमच्याकडची प्रथा ना ही?" प्राचीच्या तोंडून गेलं.

"प्रथा आमची. अनारसं आमच्या सासूचं. ती बया कुणाला शिजवताना बघू द्यायची न्हाय."

"मग गूळ का घातला नाहीस अजून?" सुभद्राबाईंनी विचारलं.

कमळाबाईंनी विहंगकडे बोट केलं. "ह्येनं सांगितलं, सातशे ग्रॅम. माझ्याकडं काटा न्हाय. वाटीत सांग म्हनलं तर म्हनतोय, वाटी माप न्हाय. मग काय करू? ठिवलं तसंच झाकून."

गॅलरीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. विहंगचे कान लाल झाले आणि ते त्याने लपवले नाहीत.

सुभद्राबाईंनी डाव्या हाताच्या चिमटीत पीठ घेऊन चोळलं. "खडखडीत वाळवलंयस गो. उन्हात घातलेलंस?"

"गच्चीवर. दोन दिस."

"अनारशाचे तांदूळ उन्हात घालत नाहीत कधी."

"आता सांगतीस व्हय!"

"ओलं असतं तर आज काय उपयोगाचं नव्हतं," सुभद्राबाई म्हणाल्या आणि पाटावरून उठून थेट ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "घाला जावयबापू. एक मूठ."

विहंगचा हात सवयीने काट्याकडे गेला. सुभद्राबाईंनी नुसतं बघितलं. काटा ओट्याखाली गेला.

एक मूठ, मळा. अजून एक मूठ, मळा. सुभद्राबाई दर वेळी बोट टेकवून बघत. तिसऱ्या मुठीला त्या "हं" म्हणाल्या, चौथीला निम्म्यात "बस" म्हणाल्या. विहंगने हाताखाली तो फरक ओळखला: मघाशी गोळा बोटांना धरून बसत होता, आता सोडून देत होता. अर्धा तास झाकून ठेवला. त्या अर्ध्या तासात कुणी कोथिंबीर मागितली नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी त्याने पुन्हा अनारसा तुपात सोडला. दोन सेकंद. चार. कडा थरथरल्या आणि धरून राहिल्या. मग मध्ये बारीक बुडबुडे आले, आणि त्यांच्या मागोमाग भोकं, आणि भोकाभोकांतून जाळी वर येऊ लागली. विहंगला इतका आनंद झाला की ब्रेडच्या जुन्या सवयीने त्याने झारा खाली घातला आणि अनारसा उलटायला उचलला.

"अरे मेल्या, उलटू नको!" सुभद्राबाई कडाडल्या. "जाळी वर रवाक होयी! डोळे फुटले काय तुझे? तूप उडव वरनं, तूप!"

विहंगने झारा जागच्या जागी थांबवला, हलकेच बाजूला घेतला, वरून तूप उडवायला सुरुवात केली. आणि मग त्या काय बोलल्या ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. प्राचीने तोंडावर हात ठेवला. दौलतराव उठून उभे राहिले. सुभद्राबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"जावयबापू, मी..."

"अजून उडवू का, आई?" विहंगने वर न बघता विचारलं. अडीच वर्षांत त्याच्याशी त्या घरात कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

सुभद्राबाईंनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "उडव," त्या म्हणाल्या. "कडेने उडव. मध्ये नको मारू, भोक पडेल."

अनारसा निघाला. बदामी, जाळीदार, खसखस जिथल्या तिथे. त्याने तो चाळणीत उभा ठेवला, तूप निथळायला.

"येक," कमळाबाई मोठ्याने म्हणाल्या.

"एक!" गॅलरी म्हणाली.

मग काम लागलं. प्राची गोळ्या करू लागली. दोन मोठ्या, एक लहान, आणि सुभद्राबाईंनी तिला सांगितलं की तू हाडंच बघ. दर्शना थापू लागली. विहंग तळत होता. "गॅस वाढव." "अरे कमी कर, करपवतोस की काय." "तो कडेचा काढ, तुझी वाट बघत नाय राहायचा तो." घाम नाकाच्या शेंड्यावरून ओघळत होता आणि तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. सहावा जरा वाकडा झाला, तरी मोजला. अकरावा फाटला, कमळाबाईंनी तो मोजायला साफ नकार दिला. वीस झाले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून चार जण वर आले होते. चोविसाव्याला आकडा जुळेना.

"चोवीस निघालं, ताटात तेवीस," कमळाबाई म्हणाल्या आणि वळल्या. दीपक खुर्चीवर अगदी स्वस्थ बसला होता, तोंड मिटून.

"तोंड उघडा, जावईबुवा."

दीपकने मान हलवली. ओठांना खसखस होती.

"वाणातला खाल्ला?" सुभद्राबाईंचा आवाज आता पूर्ण सुटला होता, तो परत आवरणं त्यांना जमलं नाही, आणि जमवायचंही नव्हतं. "ऊठ! ऊठ त्या खुर्चीवरनं! आत ये आणि खसखस पेर पानावर. एवढा मोठा झालास, तुझ्या छत्तीसमधले तीन पण तूच चोरलेले असशील."

दीपक आला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने सासुरवाडीचं स्वयंपाकघर आतून बघितलं. "बरंच लहान आहे," तो म्हणाला आणि खसखस पेरायला बसला.

साडेअकराला कमळाबाईंनी शेवटचा आकडा पुकारला. "तेहतीस!" गॅलरीने तो असा झेलला की खालच्या अंगणातली क्रिकेटची मॅच थांबली. गोळा अजून शिल्लक होता. कमळाबाईंचं पीठ पडल्याने सगळे मिळून एकेचाळीस झाले; वाकडा सहावा बाजूला काढून त्याच्या जागी एक सरळ ठेवला गेला.

बाराला राजलक्ष्मी आणि अच्युतराव जिना चढून वर आले. दारात त्यांना त्यांचा मुलगा दिसला: बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कोपरापर्यंत पीठ, भुवईला तूप.

"विहंग," राजलक्ष्मी म्हणाल्या, "तुला बरं नाहीये का?"

"आंघोळ करून येतो," विहंग म्हणाला.

पाट मांडला. पितळी ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. सुभद्राबाईंनी डाव्या हाताने ओवाळलं. उजव्याचं प्लॅस्टर प्राचीने वर धरलं होतं, नाहीतर ते दिव्यात गेलं असतं. ताट त्यांनी विहंगच्या हातात दिलं. जड होतं. कमळाबाईंनी मान डोलावली, तसं विहंगने पहिला अनारसा उचलला. दोन आठवड्यांत त्याने बोटही चाटलं नव्हतं. दातांखाली आधी खसखस कुरकुरली, मग जाळी, मग आतला मऊ गोडवा आणि त्यात तीन दिवसांच्या भिजण्याची बारीकशी आंबट चव. दुसरा उचलला.

राजलक्ष्मींनी एक घेतला, चष्मा वर करून जाळी बघितली, खाल्ला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विद्यापीठात प्रथम आलेल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका वाचल्याचा भाव आला.

"सुभद्राताई, कुठून मागवलेत हे? आम्हाला द्या हो पत्ता."

सुभद्राबाई या प्रश्नासाठी तीन अधिक महिने थांबल्या असत्या.

"पत्ता तुमच्याच घरचा आहे, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकाच्या बाईंना रजा द्या हवी तर. आणि तुम्ही काळजी करू नका, लागेल तेव्हा आम्ही त्याला बोलावून घेऊ."

अच्युतराव तोवर चौथ्यावर होते.

पाहुण्यांची पानं उठल्यावर कमळाबाई रिकामा डबा न्यायला आल्या. आत तळाशी मूठभर पीठ उरलं होतं. त्यांनी ते एकदा बघितलं.

"तुझा जावय कधी आहे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"फुडच्या ऐतवारी. अधिक संपायच्या आदल्या दिशी."

"आजच तांदूळ भिजत घाल. बुधवारी उपसायचे. सावलीत, गो बाय, उन्हात नाय. मुरायला तीन दिवसच मिळतील, पण होतील." त्यांनी आत बघितलं. विहंग दीपकला कढई घासायला लावत होता. "बुधवारी हा येईल तुझ्याकडे. गूळ मी बघेन."

"बुधवारी माझी साइट व्हिजिट आहे," आतून विहंग म्हणाला.

"सकाळी आठला ये," सुभद्राबाई म्हणाल्या. "मग जा कुठे जायचं ते."

सोमवारपर्यंत बातमी पसरली आणि तिसऱ्या मजल्यावर चार दारांत तांदूळ भिजत पडले. एकीचा जावई तर कुवेतला होता. मंगळवारी दुपारी आंबूस वास जिन्याने खाली उतरला. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी वैतागून वर ओरडलं, "ओ, मोरी तुंबली काय तुमची?"

दौलतराव देखरेखीवरून उठले, कठड्यावरून वाकले आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाय ओ! आमचो जावय येवचो आसा!"